पट्टीवरची सहा काजं

चाळीस वर्षं लोकांचे शर्ट शिवले, पण स्वतःच्या शर्टाचं माप मास्तरांना कधी पाठ नव्हतं. ते बायकोला पाठ होतं. टेपची दोन्ही टोकं आपल्याच हातात धरून माप घेता येत नाही. खांदा उचलला जातो, छाती फुगते, माणूस स्वतःशीच खोटं बोलतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बायको त्यांना आरशासमोर उभं करायची, टेप फिरवायची आणि म्हणायची, "श्वास सोडा मास्तर. मी गिऱ्हाईक नाही, मला फसवून काय मिळणार?"

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षी तीही चेष्टेत म्हणायला लागली, आणि मग तेच तिच्या तोंडात बसलं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, इस्त्री गरम होत होती तेव्हा, तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. एवढी बोलघेवडी बाई, तिच्याकडे एकच शब्द उरला, "बरं". पाणी हवं असलं तरी बरं, कूस बदलायची असली तरी बरं, राग आला तरी बरं. मास्तर सुरावरून ओळखायचे. दहातल्या सात वेळा बरोबर निघायचं, तीन वेळा ती डोळे मिटून घ्यायची.

पुढच्या खोलीतलं दुकान बंद झालं. बंद करायचं असं कुणी ठरवलं नाही. एकेक गिऱ्हाईक दार लोटलेलं बघून परत गेलं, एवढंच. कटिंगच्या टेबलावर औषधं आली. ज्या कात्रीला मास्तरांनी जन्मात कागद शिवू दिला नव्हता, तिने आता गोळ्यांची पाकिटं कापली जायची. त्यांचे स्वतःचे जुने शर्टही एकेक करून फडक्यांत गेले. तिची पाठ पुसायला धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडासारखं दुसरं काही नाही. मास्तर बटणं कापून डबीत टाकायचे, पुढची काजांची पट्टी टर्रकन फाडायचे, आणि वापरून झालं की टाकून द्यायचे.

वरच्या मजल्यावर पोस्टातून निवृत्त झालेली एक बाई राहायची. एक दिवस जिन्यात तिने त्यांना अडवलं.

"मास्तर, आरशात बघता का कधी?"

"आरसा आतल्या खोलीत नेला. तिला केस विंचरताना लागतो."

"मग मी सांगते. वाळत घातलेल्या पँटसारखे दिसता. तुम्ही आडवे झालात तर मी आधी कुणाला उचलू, तिला की तुम्हाला?"

मास्तर बाजूने निघाले, तिने वाट सोडली नाही.

"दवाखान्यामागच्या हॉलमध्ये बुधवारी तीन ते चार एक वर्ग असतो. घरी आजारी माणूस असलेल्यांसाठी. तुम्ही जा. मी बसते तिच्यापाशी. मला टपाल सांभाळायची सवय आहे, तुमची बायकोही सांभाळीन."

असे मास्तर त्या हॉलमध्ये गेले. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे एक लांब टेबल, त्यावर माती, रंग, लोकर. वर्ग घेणारी मुलगी तिशीची असेल. सगळे तिला ताई म्हणत, तिच्या दुप्पट वयाचे लोकसुद्धा. ताईने नियम एकच सांगितला. "इथे जे बनवाल ते स्वतःसाठी. घरच्या पेशंटसाठी काही करायचं नाही. तिच्यासाठी उशी नाही, त्याच्यासाठी टोपी नाही. तेवीस तास त्यांचे. हा एक तुमचा."

आईला सांभाळणारा एक बस ड्रायव्हर समोर बसून मातीची बस करत होता. मास्तरांनी नीट बघितलं. बसला खिडक्या होत्या, चाकं होती, दार नव्हतं.

"दार राहिलं तुमचं," मास्तर म्हणाले.

"राहिलं नाही, ठेवलंच नाही. कुणी चढायलाच नको."

त्याच्या शेजारी एक कॅशियर बाई होती. बहिणीला सांभाळायची. ती दर बुधवारी एक कागद घेऊन तो पूर्ण निळा करायची आणि घरी जायची. ताई तिला काही म्हणत नसे.

पहिले दोन बुधवार मास्तर नुसते बसून राहिले. तिसऱ्या बुधवारी ताईने विचारलं, "तुम्हाला काय येतं?"

"शर्ट येतो."

"मग शर्ट करा. स्वतःचा."

घरी कपाटात एक कापड पडलं होतं, राखाडी, बारीक रेघेचं. गिऱ्हाईक न्यायला आलंच नव्हतं. ते त्यांनी पुढच्या बुधवारी नेलं. माप घ्यायला ड्रायव्हर उभा राहिला.

"हात वर. मास्तर, पुढे सरका. पुढे जागा आहे."

"टेप सैल धर. फास लावू नकोस."

"छत्तीस."

"चाळीस असेल. नीट बघ."

"छत्तीस म्हणजे छत्तीस. मी रोज आरशात बघून एवढी मोठी गाडी मागे घेतो, मला आकडा दिसत नाही होय?"

कॅशियर बाईनेही येऊन बघितलं. छत्तीसच होते. चार इंच कुठे गेले, कधी गेले, मास्तरांना पत्ताच नव्हता. बायकोने टेप फिरवला असता तर पहिल्या अर्ध्या इंचालाच ओरडली असती.

पण कटिंगला बसले आणि गंमत झाली. खडूची रेघ ओढली, कात्री कापडातून सरकली, आणि त्या एका तासात त्यांना घरची आठवण आली नाही. चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा ते दचकले. चोरी करताना पकडल्यासारखे लगबगीने घरी गेले. बायको पोस्टातल्या बाईबरोबर खिडकीतून बाहेर बघत होती. मास्तरांच्या बाहीला खडू लागला होता. ती त्या खडूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

हा सूर त्यांनी दोन वर्षांत ऐकला नव्हता. दुकान चालू असताना ती असं बोलायची, नवीन गिऱ्हाईक दारात दिसलं की.

शर्ट हॉलच्या कपाटात ठेवायचा अशी पद्धत होती. मास्तरांनी ताईला सांगितलं, शिलाईला मशीन लागतं, मशीन घरी आहे. ताईने जरा विचार केला. "न्या. पण तो तुमचाच राहू द्या, मास्तर. मी सगळ्यांना बजावते, आणि सगळे घरी नेऊन त्याचं औषध करतात."

"शर्टाचं काय औषध होणार," मास्तर म्हणाले.

आठवड्याभरात अर्ध्या बाहीचा शर्ट उभा राहिला. शिवणीला माया भरपूर सोडली होती, अंग परत भरलं तर उसवून सैल करता यावा म्हणून. राहिली ती पट्टीवरची काजं. सहा. कॉलरचं धरून.

काज मास्तरांना येत नव्हतं असं नाही. उमेदवारीत हात मोडेस्तोवर केली होती. पण लग्नानंतर ते काम बायकोकडे गेलं, कारण तिचं काज पाहून मास्तरांनी आपलं काज करणं सोडून दिलं. दोऱ्याला मेण लावून ती एकेक गाठीचा टाका बसवायची, दाणे ओवल्यासारखा. शेवटाला दोरा कुठे गेला ते शोधून सापडायचं नाही. गिऱ्हाइकं शिलाई मास्तरांची म्हणायची आणि बोट मात्र काजावरून फिरवायची. दोघं समोरासमोर बसून काम करायची. एकदा वीज गेली तेव्हा तिने अंधारात एक काज चाचपलं आणि म्हणाली, "हे तुमचं. दोरा ओढता तुम्ही, मारका हात आहे." मग दुसरं चाचपलं. "हे माझं." दिवे आल्यावर बघितलं तर खरंच होतं.

मास्तर शर्ट मांडीवर घेऊन बसले होते. ती चाकाच्या खुर्चीत. तिचा डावा हात पुढे आला आणि पट्टीवर पडला.

आता इथे मास्तरांनी ताईचा नियम मोडला. त्यांना त्या वेळी तसं वाटलं नाही. खुर्चीच्या पुढच्या फळीवर त्यांनी पट्टी ताणली, दोन्ही बाजूंनी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, कॉलरखालचं काज चिरलं, सुई ओवून, मेण लावून तिच्या डाव्या हातात दिली. डाव्या हाताने तिने आयुष्यात सुई धरली नव्हती. सुई दोनदा पडली. तिसऱ्यांदा तिने ती कापडात घातली, खालून ओढायला मास्तरांनी मदत केली, आणि एक टाका पडला. वाकडा, ढिला, चिरेपासून लांब.

"बरं," ती म्हणाली, आणि हसली. हसू डाव्या बाजूलाच आलं.

दुपारी जेवण भरवून झालं की हे रोज सुरू झालं. बारा टाके, पंधरा टाके, मग ती दमायची. हाताचे व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणाली, बोटांत जोर वाढतोय, जे काय करताय ते सोडू नका. पोस्टातली बाई म्हणाली, आज तिने माझ्या हातातून कप घेतला. मास्तर सहा महिन्यांनी पहिल्यांदा दाढी करून बुधवारी हॉलमध्ये गेले. ड्रायव्हरने शिट्टी वाजवली. "काय मास्तर, मुलगी बघायला निघाला का?"

पहिलं काज पाच दिवसांनी पुरं झालं. बायको झोपल्यावर मास्तरांनी शर्ट उजेडात धरला.

काज कसलं, उंदराने कुरतडल्यासारखी भोकाची कड. टाके एकमेकांवर चढलेले, मधे दोन ठिकाणी कापड उघडं, तिथून धागे सुटायला लागलेले. बाकीचा शर्ट आरशासारखा आणि ऐन छातीवर हे. मास्तरांनी शर्ट ठेवून दिला. चहा केला. परत येऊन बघितला. दातात काही अडकलं की जीभ पुन्हा पुन्हा तिकडेच जाते, तसं व्हायला लागलं. त्यांनी स्वतःला समजावलं की उघड्या राहिलेल्या जागी तेवढे दोन टाके घालू, नाहीतर काज धुण्यात जाईल. उसवणी हातात घेतली. दोन उसवले तर तिसरा सुटला. तीन सुटले तर चौथ्याला अर्थ राहिला नाही. ती उठायच्या आत त्यांनी पूर्ण काज उसवून स्वतःच्या हाताने घातलं होतं.

मनाला पटेल असं कारणही लगेच सापडलं. उद्या ती बघेल, तिला वाटेल आपल्याकडून एवढं चांगलं झालं, हुरूप येईल. तिच्यासाठीच तर केलं.

दुसऱ्या दिवशी तिने ते काज पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मास्तर म्हणाले, "बघ, कसं झालंय. हात विसरत नाही म्हणतात ते खोटं नाही." तिने त्यांच्याकडे बघितलं आणि दुसऱ्या काजासाठी हात पुढे केला.

दुसरं काज चार दिवसांत झालं. मास्तरांच्या डोळ्यांना ते पहिल्यापेक्षा बरं दिसलं होतं. तरीही उसवलं. आता पहिलं स्वच्छ आणि दुसरं वाकडं, हे तर शोभणारच नाही. उसवलेले दोऱ्याचे तुकडे त्यांनी बोटाने गोळा केले आणि केराच्या डब्यात टाकले.

तिसऱ्या काजाच्या दुसऱ्या दिवशी ती मधेच थांबली. सुई कापडात तशीच ठेवून तिने डोळे मिटले आणि डाव्या हाताचं बोट वरच्या काजावर नेलं. कडेकडेने फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. शेवटाला, दोरा बंद होतो तिथे, बोट थांबलं. मग दुसऱ्या काजावर नेलं. तिथेही तसंच.

मास्तर समोर बसले होते. चाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांपासून बऱ्याच गोष्टी लपवल्या असतील, पण टाका कधी लपला नव्हता.

तिने डोळे उघडले. रागावलेली नव्हती. रागाचं बरं त्यांना ओळखता आलं असतं. तिने कापडातली सुई ओढली, दोरा तुटेपर्यंत ओढली, आणि फळीच्या कोपऱ्यातल्या सुया खोचायच्या गादीत नीट खोचून ठेवली. सुई उघड्यावर टाकायची नाही, ही तिची सवय होती. मग हात मांडीवर घेतला आणि मूठ मिटली.

"अगं, ते सैल झालं होतं म्हणून जरा..." मास्तर म्हणाले.

ती खिडकीकडे बघत राहिली.

त्या दुपारी नाही, दुसऱ्या दुपारी नाही. मास्तरांनी पट्टी लावली, सुई ओवली, तिच्या बोटांत दिली. बोटं उघडली नाहीत. त्यांनी माफी मागितली, साध्या शब्दांत, तिच्यासमोर खाली बसून. म्हणाले, "मी मूर्ख आहे. तुझं तू कर, मी हात लावणार नाही." तिने ऐकलं असावं. आठवडाभरात ते बरंसुद्धा बंद झालं. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात असं होतं, पुन्हा बारीक झटका आला असेल. पोस्टातली बाई म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दोघांचंही खरं असेल. व्यायामवाली बाई म्हणाली, "डावा हातही आखडायला लागलाय. मधे चांगला चालला होता. काय करत होता ते बंद का केलं?"

मास्तर म्हणाले, "संपलं ते काम."

तिसऱ्या काजावरचे तिचे तेरा टाके तेवढे राहिले होते. ते टिकवायला हवेत हे त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं. पण घाईत, लाजेत, समोर नको म्हणून, त्यांनी शर्ट मशीनच्या खणात कोंबला होता. दोऱ्याचा शेवट बांधलेला नव्हता. महिन्याने बाहेर काढला तर टाके आपोआप सरकून गेले होते. चिरेच्या कडेला सुईची बारीक भोकं तेवढी होती.

मग त्यांना आठवलं, आपल्या जुन्या शर्टांची काजंही तिचीच होती. त्यांनी कपाट उघडलं. स्वतःचा एकही जुना शर्ट नव्हता, होते ते बाजारातून तयार आणलेले. बटणांची डबी होती, ती भरलेली. तिने हजारो काजं केली होती आणि ती सगळी लोकांच्या घरात होती, किंवा लोकांच्याही घरात फडकी झाली होती.

त्या बुधवारी ताईने सगळ्यांना आपापलं काम मांडायला सांगितलं होतं. मास्तरांनी आदल्या दिवशी उरलेली चार काजं दोन तासांत उरकली, बटणं लावली, इस्त्री केली आणि शर्ट घालून गेले. ड्रायव्हरने बस मांडली होती. वाळून तडकली होती. त्याची आई गेल्या रविवारी गेली होती, तरी तो आला होता. कॅशियर बाईने निळे कागद एकावर एक ठेवले होते.

"उभे राहा मास्तर, बघू दे," ताई म्हणाली.

मास्तर उभे राहिले. छत्तीसच्या मापाचा शर्टही आता सैल होत होता.

कॅशियर बाई जवळ आली. चष्मा वर करून पट्टी बघितली. "ही काजं मशीनची का हो?"

"हाताची."

"काय स्वच्छ आहेत. तुमचीच?"

"हो," मास्तर म्हणाले. "सगळी माझी."

ड्रायव्हर मातीच्या बसकडे बघत होता. तो म्हणाला, "मी आता दार केलं तर चालेल का, ताई? का माती वाळल्यावर होत नाही?"

"वाळल्यावर नाही होत," ताई म्हणाली.

घरी आल्यावर पोस्टातली बाई वर गेली. मास्तरांनी खिडकीशी बसून शर्ट काढला, उसवणी घेतली आणि सहाही काजं उसवली. आपल्या हाताचा एक टाका ठेवला नाही. पण काज एकदा चिरलं की चिरलं. दोरा काढून कापड परत जुळत नाही. सहा उघड्या चिरा राहिल्या, कडेने राखाडी धागे निघालेल्या. तोच शर्ट त्यांनी परत अंगात घातला. बटणं लागत होती, पण धरत नव्हती.

तिला खुर्चीतून पलंगावर न्यायची वेळ झाली होती. हे त्यांचं रोजचं. मास्तर वाकायचे, तिच्या काखेखाली हात घालायचे, आणि ती डाव्या हाताने त्यांच्या शर्टाची पट्टी धरायची, म्हणजे अर्धा भार तिचा तिच्याकडे. महिन्याभरात तेही थांबलं होतं. आता सगळा भार त्यांचाच होता.

ते वाकले. तिचा हात मधे आला. मिटलेल्या मुठीतून एक बोट जरासं पुढे होतं, ते पट्टीवर टेकलं, आणि चिरेत गेलं. मास्तर तसेच वाकून राहिले. कंबर दुखायला लागली तरी हलले नाहीत. बोट चिरेच्या कडेवरून फिरलं की नुसतं थरथरलं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"काही नाहीये तिथे," मास्तर म्हणाले. "उसवलं मी."

बोट निघालं. हात मांडीवर पडला.

त्यांनी तिला उचललं, पलंगावर ठेवलं, कूस बदलली, पाठीखाली उशी दिली. मग तिची मूठ हातात घेऊन एकेक बोट उघडायला बसले, करंगळीपासून, व्यायामवाल्या बाईने शिकवलं होतं तसं. पाच बोटं उघडायला वीस मिनिटं लागायची. सोडली की ती परत मिटायची.

पुढच्या बुधवारी पावणेतीनला पोस्टातली बाई खाली आली तेव्हा मास्तर दारातच होते.

"आज नाही जात," ते म्हणाले.

तिने त्यांच्या शर्टाकडे बघितलं. सहा ठिकाणी धागे लोंबत होते. "हे काय? टेलरच्या अंगावर असा शर्ट? आणा इकडे, मी दोन टाके घालते."

"नको," मास्तर म्हणाले, आणि पट्टीवर हात ठेवून आत वळले.